कळशीवरची वेल

रासनेबाईंच्या शनिवारच्या वर्गाचा पहिला नियम असा, की कॅमेरा हातात आला की आधी गुडघे टेकायचे. मांजराचा फोटो काढायचा तर मांजराएवढं व्हायचं. उभ्याने काढलात तर नुसती पाठ आणि शेपूट मिळेल. दुसरा नियम, बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघून घ्यायचे, कारण कुणाची तरी चप्पल नेमकी तिथेच घुसलेली असते. तिसरा, उजेड कुठून येतोय ते शोधायचं आणि त्या बाजूला घरातल्या कुणाला तरी पांढरं कापड धरून उभं करायचं, म्हणजे उजेड कापडातून गाळून, मऊ होऊन येतो. चौथा नियम बाई सगळ्यात शेवटी सांगत, आणि तेव्हा त्यांचा आवाज थोडा चढे. "फोटो खोटं बोलत नाही. म्हणून काढणाऱ्यानेही खोटेपणा करायचा नाही."

पहिल्या तीन नियमांनी कुणाचं काही बिघडलं नाही. चौथा मात्र बाईंच्याच गळ्याशी आला.

सुलभा रासने संगमनेरच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून २०४३ साली निवृत्त झाल्या. घरी बसवेना, म्हणून त्यांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलांसाठी फोटोचा वर्ग काढला. अकरा मुलं होती. फोनवर काढलेला फोटो फोनच सुधारून देतो, मिटलेले डोळे उघडतो, रडकं तोंड हसरं करतो, म्हणून बाईंनी जुने, बिनडोक कॅमेरे कुठून कुठून जमवून मुलांच्या हाती दिले होते. एका आठवड्यात रस्त्यावर अक्षरांसारखे आकार शोधायचे. एका आठवड्यात एकाच झाडाची सावली दिवसातून चार वेळा टिपायची. जानेवारीत बाईंनी नवं काम दिलं, "भांड्यातला मी". घरातल्या चकचकीत भांड्यात स्वतःला बघायचं आणि ते वाकडंतिकडं ध्यान टिपून आणायचं. मुलं खूश झाली. फोटो आले, बाईंनी ते वाचनालयाच्या संकेतस्थळावर चढवले आणि मंगळवारी सकाळी त्यांना तालुक्याच्या बालसुरक्षा समितीचा फोन आला.

आता इथे 'उलगडा'बद्दल थोडं सांगायला हवं.

स्टीलच्या कळशीत खोली दिसते ती वाकडी, दबलेली, ताणलेली. पण तो वाकडेपणा शिस्तीचा असतो. कळशीच्या पोटाची गोलाई कळली, की कुठला किरण कुठून आला याचं गणित मांडता येतं आणि ती खोली इस्त्री केल्यासारखी सरळ करता येते. 'उलगडा' नावाची प्रणाली हेच करी. चमचा असो, चष्म्याची काच असो, नाहीतर माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ असो, त्यात उमटलेलं जग ती उलगडून दाखवी. म्हणजे फोटोत जे समोर आहे तेवढंच नव्हे, तर फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काय चाललं होतं तेही कळे. चोऱ्या उघडकीला आल्या, अपघातांचे निकाल लागले. मग दोन वर्षांपूर्वी नियम झाला, की लहान मुलांनी काढलेले किंवा लहान मुलं असलेले सगळे सार्वजनिक फोटो 'उलगडा'तून जातील, म्हणजे बंद दाराआड पोरांना कोण मारतं ते बाहेर येईल. हेतू चांगला होता, आणि बरीच पोरं खरोखरच सुटली होती.

अडचण एकच होती. भांड्यांवर पोचे असतात, डाग असतात, लग्नामुंजीत मिळालेली असली तर देणाऱ्याची नावं टोचलेली असतात. तिथे किरण भरकटतो. यासाठी 'उलगडा'ला लाखो भांडी दाखवून शिकवलेलं होतं. अक्षरं आली की ती ओळखायची, बाजूला काढायची आणि त्यांच्याखाली जे झाकलं गेलं ते आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरून काढायचं. भरलेलं कुठलं आणि खरं दिसलेलं कुठलं, हे डोळ्यांना कळत नसे. त्याचंच तर सगळ्यांना कौतुक होतं.

समितीच्या प्रमुख वैजयंती कर्डिले टेबलापलीकडे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडदा बाईंकडे वळवला. फोटो युगाचा होता, घरच्या कळशीत काढलेला. युगा गाडेकर, नऊ वर्षांची, वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेली, घरी फक्त वडील. ते अंकुश गाडेकर, गादी कारखान्यात गाद्या भरायचे. उलगडलेल्या चित्रात युगा खाली मान घालून गुडघ्यांवर बसली होती. मागे अंकुश उभा होता. त्याचे हात डोक्याच्या वर गेलेले होते आणि एका हातातून एक तपकिरी पट्टा लोंबत होता.

"खात्री सत्त्याण्णव टक्के," कर्डिले मॅडम म्हणाल्या. "मुलीशी काल बोलले मी. ती म्हणते, पप्पांनी कापड धरलं होतं. वडीलही तेच म्हणतात, गादीचा मांजरपाट धरला होता. तुम्ही सांगितलं होतं का तसं?"

"हो. मी सगळ्यांनाच सांगते. उजेडासाठी."

"मग दाखवा मला यात कापड."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. अंकुशच्या मागे खिडकी होती आणि तिथे नुसता पांढरा झगझगाट होता. कापड कुठेच दिसेना. पट्टा मात्र अगदी स्पष्ट, त्याची घडीसुद्धा दिसत होती. बाईंनी पडदा परत मॅडमकडे वळवला. ही पोर दर शनिवारी पुढच्या रांगेत बसायची, आणि आपल्याला काही कळू नये.

कागदावर वर्गप्रमुखाची सही लागत होती. "चित्र समक्ष पाहिले. शंका नाही." बाईंनी सही केली. त्या दिवशी संध्याकाळी युगाला मुलींच्या बालगृहात नेलं.

शनिवारी वर्ग सुटल्यावर अंकुश जिन्यात उभा होता. बाईंना वाटलं, आता हा तमाशा करणार. त्याने तसलं काही केलं नाही. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मुलांना वाटलेली बाईंची सूचनापत्रिकाच होती ती.

"बाई, हे तुमचंच ना? 'घरातल्या कुणाला तरी पांढरं कापड डोक्याच्या वर धरून उभं करा.'"

"माझंच आहे, अंकुशभाऊ. पण चित्रात..."

"चित्रात," तो म्हणाला. मग कागद पुन्हा तसाच घडी करून खिशात ठेवला. "मी पंधरा मिनिटं हात वर करून उभा होतो. पोरगी म्हणायची, पप्पा हलू नका. हात भरून आले होते माझे." आणि तो जिना उतरून गेला.

बाईंना त्याचा राग आला. खोटं बोलणारा माणूस असाच शांत बोलतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तरी दोन आठवडे त्यांना धड जेवण गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या बालगृहात युगाला भेटायला गेल्या. सोबत कॅमेरा नेला होता. युगाने तो घेतला नाही. आवारात बदामाच्या झाडाखाली दोघी बसल्या. पोर वाळली होती.

"पप्पांची आठवण येते का गं?"

"येते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्यांच्या हातात पट्टा होता."

बाई दचकल्या. "तू तर म्हणाली होतीस, मांजरपाट होता म्हणून."

"तेव्हा मला नीट आठवत नव्हतं. मॅडमनी चार वेळा फोटो दाखवला. मग मला आठवलं. तपकिरी होता, घडी पडलेला."

"तो पट्टा तू आधी कधी घरात पाहिला होतास?"

युगाने मान हलवली, नाही म्हणून. "पण फोटोत आहे ना, बाई. फोटो खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगितलंय."

पोरीने हे कसल्याही तक्रारीशिवाय सांगितलं, धडा म्हणून दाखवावा तसं. बाईंना एकदम आठवलं. अंकुशला त्यांनी आजवर पाच-सहा वेळा पाहिलं असेल. दर वेळी नाडीचा पायजमा आणि कापसाने भरलेला सदरा. पट्टा लावलेला हा माणूस त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

त्या बालगृहातून निघाल्या त्या थेट गाडेकरांच्या घरी गेल्या. दुपारचे चार वाजले होते. अंकुशने दार उघडलं, या म्हणाला नाही, पण बाजूला झाला.

"ती कळशी कुठाय?"

त्याने मांडणीवरून कळशी काढली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. त्याच्या आईची होती, लग्नातली. तेवढी एक वस्तू त्याने घासूनपुसून लख्ख ठेवलेली. बाईंनी ती खिडकीकडे धरून हळूहळू फिरवली. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. 'चि. सौ. कां. शालन हिला आत्याकडून. २ मे १९९६.' त्याच्या शेजारी, कळशीच्या पोटावर, एक वेल टोचलेली होती. चार पानं, एक कळी, आणि वळण घेत खाली उतरणारं लांब देठ. वेल जरा जास्तच दाट होती. बाईंनी बोट फिरवलं आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या.

सुलभाताईंचं माहेर कासारांचं. बाजारपेठेत वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत गिऱ्हाइकांची रांग लागायची. प्रत्येक भांड्यावर नाव घालून द्यावं लागे, आणि अकरा वर्षांच्या सुलभाचं अक्षर घरात सगळ्यात सुबक, म्हणून टर्र टर्र वाजणारं नाव घालायचं मशीन तिच्या हातात असे. त्या मे महिन्यात एका दुपारी तिने यादीतली ओळ चुकवली आणि आत्याबाईंच्या कळशीवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं नाव टोचून ठेवलं. 'ताजणे परिवार.' ती रडायला लागली. वडिलांनी कळशी हातात घेऊन पाहिली. "पोरी, स्टीलवरचं पुसता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर वेल काढ. अक्षरं पानांत जिरव." तिने वेल काढली, अक्षर न् अक्षर झाकलं. गिऱ्हाईक आल्यावर वडील हसून म्हणाले, "वेलबुट्टी आमच्याकडून, लग्नाची म्हणून." आत्याबाई खूश होऊन गेल्या. सुलभा कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. खरं सांगावं असं तिला फार वाटलं होतं, पण तिने सांगितलं नाही.

"बाई?" अंकुशने विचारलं.

"ही वेल माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी काढलीय. अकरा वर्षांची असताना."

त्याला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. 'उलगडा'ला अक्षरं ओळखायला शिकवलेलं होतं. चूक झाकणारी वेल त्याला कुणी दाखवलीच नव्हती. वेल म्हणजे भांड्यावरची खूण, हे त्याला कळलं नाही. ती खोलीतलीच वस्तू आहे असं धरून त्याने कळशीच्या गोलाईप्रमाणे तीही सरळ केली. वर गेलेल्या हातापासून खाली लोंबणारी एक लांब वळणदार वस्तू. असं काय असतं? ज्या हजारो वाईट घरांवरून ते शिकलं होतं, तिथे असा पट्टाच असे. मग त्याने पट्टा भरला, रंग दिला, घडीसुद्धा पाडली. आणि खरा मांजरपाट खिडकीच्या झगझगाटात विरून गेला.

अंकुशने वेलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे चूक तुमची होती."

"दोन्ही माझ्याच," बाई म्हणाल्या. "ही, आणि ती सही."

शनिवारी वर्गातल्या मुलांना बाईंनी वेगळंच काम दिलं. अंकुशकडून मागून आणलेली कळशी टेबलावर ठेवली, खिडकीकडे पाठ येईल अशी जागा आखली आणि एकेकाला तिथे उभं केलं. एकाने छत्री धरली, एकीने पाण्याची बाटली, एक जण नुसताच हात वर करून उभा राहिला. दहाही फोटो 'उलगडा'तून काढले. दहाही मुलांच्या हातात तपकिरी पट्टा लोंबत होता. मुलं आधी हसली. मग त्यातल्या एकीने विचारलं, "बाई, म्हणजे युगाच्या पप्पांनी काहीच केलं नव्हतं?" आणि हसणं थांबलं.

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. चौथा नियम मी मागे घेतेय."

सोमवारी त्या कळशी पिशवीत घालून समितीच्या कार्यालयात गेल्या. कर्डिले मॅडमनी दहा फोटो पाहिले, शांतपणे बाजूला ठेवले.

"मुलांनी काढलेत. काही गडबड केली असेल."

"मग तुम्ही उभ्या राहा."

"मी?"

"हातात फाइल घ्या. युगाचीच घ्या. आणि वर धरा."

कर्डिले मॅडमनी फाइल उचलली. मग उठल्या, खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या आणि फाइल डोक्यावर धरली. बाईंनी गुडघे टेकले, चारही कोपरे पाहिले आणि फोटो घेतला. मॅडमनी स्वतःच्या हाताने तो 'उलगडा'त टाकला. पडद्यावर हळूहळू कार्यालय सरळ झालं. कपाट, घड्याळ, खिडकी, आणि मधोमध वैजयंती कर्डिले, पट्टा उगारून. खाली आकडा आला, अठ्ठ्याण्णव टक्के.

मॅडम खुर्चीत बसल्या. बाईंनी वेलीची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे वेल काढणं तुमच्याच दुकानात होतं का?"

"सगळ्याच दुकानांत होतं. नाव चुकलं की वेल काढायची, नाहीतर मोर काढायचा. भांडं काही फेकून देत नाही कुणी."

मॅडमनी मागच्या कपाटाकडे पाहिलं. त्यात वरपासून खालपर्यंत फाइली होत्या. त्या उठून कपाटापाशी गेल्या, पण कपाट न उघडताच परत आल्या. "गाडेकरांचा कागद आज करते," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं... मला आधी वर कळवावं लागेल." बाईंनी आपली जुनी सही खोडून खाली नवं निवेदन लिहिलं. त्यात कळशी, ताजणे परिवार, वेल, सगळं आलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जे आत्याबाईंना सांगायचं राहिलं होतं, ते त्यांनी आता लिहून दिलं.

चार दिवसांनी युगा घरी आली. बाईंना अंकुशनेच बोलावलं होतं. चहा झाला. युगा बापापासून हातभर अंतर ठेवून बसली होती आणि तो तिच्याकडे न बघता बघत होता. बाईंनी कळशी पुढ्यात घेऊन पोरीला वेल दाखवली, पानांखाली लपलेला 'ता' दाखवला, आपण कसं रडलो तेही सांगितलं. युगाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग बाई, खरं काय झालं ते कसं कळणार?"

"तिथे जो होता त्याला विचारायचं."

"पण मीच होते ना तिथे," युगा म्हणाली. "आणि मला आता पट्टाच आठवतो."

अंकुश उठला. त्याने आतून मांजरपाटाचा तोच तुकडा आणला. "आपण परत काढू," तो म्हणाला. "तसाच."

युगा गुडघे टेकून कळशीसमोर बसली. कॅमेरा हातात घेतला, चारही कोपरे पाहिले. अंकुश तिच्या मागे जाऊन खिडकीपाशी उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी कापड वर नेलं. त्याच क्षणी पोरीची मान झटकन खांद्यात गेली. एवढंच झालं. ती लगेच सावरली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. पण अंकुशने ते पाहिलं होतं. त्याचे हात खाली आले.

"बाई, तुम्ही धरा," तो म्हणाला.

बाई उठायला लागल्या. युगाने मागे वळून न बघताच म्हटलं, "नको. पप्पाच."

तिने कॅमेरा फरशीवर ठेवला आणि कळशीच्या अगदी जवळ सरकून बसली. "पप्पा, हळू वर न्या. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

अंकुशने कापड कमरेपर्यंत उचललं. कळशीत एक पांढरी, फुगीर चौकट दिसू लागली.

"थांबा." ती बघत राहिली. "कापड आहे. न्या."

त्याने ते छातीपर्यंत नेलं.

"थांबा. कापडच आहे."

खांद्यापर्यंत.

"आणखी वर नेऊ का, बाळा?"

युगा वेलीवर बोट ठेवून कळशीत बघत होती. बोटाच्या एका बाजूला बाप होता आणि दुसऱ्या बाजूला पानं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

अंकुश तसाच उभा राहिला. बाईंनी कॅमेरा उचलून त्याचं झाकण लावलं आणि पिशवीत ठेवला. त्या दिवशी फोटो काढला नाही.